दत्तचरणीचा श्वान आणि सांभाळायला दिलेली ठेव

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आहे. "काहीच जवळ नसताना तू इतका निर्धास्त आणि आनंदी कसा?" असं यदू विचारतो. उत्तरादाखल अवधूत आपल्या चोवीस गुरूंची नावं सांगतात आणि प्रत्येकाकडून काय शिकलो ते सांगतात. हा अवधूत म्हणजेच आपले दत्तमहाराज, ही आपल्या संप्रदायाची श्रद्धा. पृथ्वी, वायू, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य... ही यादी आपल्यापैकी पुष्कळांना तोंडपाठ असेल.

आता एक गंमत बघा. या चोवीसांत हत्ती आहे, हरीण आहे, मासा आहे. कबुतर, टिटवी, अजगर, साप, मधमाशी, कोळी, पतंगसुद्धा आहे. कुत्रा मात्र नाही. आणि दत्तमहाराजांची कोणतीही तसबीर घ्या, पाठीशी गाय आणि पायाशी चार कुत्रे असतातच. यादीत ज्याचं नाव नाही तो चरणापाशी बसलेला आहे.

चार कुत्रे म्हणजे चार वेद आणि गाय म्हणजे पृथ्वी, कामधेनू, असं लहानपणापासून आपण ऐकत आलो. ते खरंच आहे. पण मनात प्रश्न येतोच. वेदांना रूपच द्यायचं होतं तर हंसाचं देता आलं असतं, सिंहाचं देता आलं असतं. कुत्र्याचंच का? ज्याला आपण दारातून हाकलतो, ज्याचा सोवळ्याला स्पर्श चालत नाही, त्याचं रूप का? या प्रश्नावर जे थोडं चिंतन घडलं ते आज दत्तजयंतीच्या निमित्तानं आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या परंपरेत डोंगर चढणारा एक कुत्रा प्रसिद्ध आहे. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात पाच पांडव आणि द्रौपदी सगळं सोडून निघतात. ही सहा माणसं, आणि सातवा एक कुत्रा. हा कुत्रा धर्मराजाचा नव्हता. त्याने पाळलेला नव्हता, त्याचं नाव ठेवलेलं नव्हतं. हस्तिनापूर सोडताना मागे लागला आणि चालत राहिला. हिमालय चढताना द्रौपदी पडली, मग सहदेव, नकुल, अर्जुन, शेवटी भीम. कुत्रा चालतच राहिला. वर इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, "चल, पण कुत्र्याला सोड. कुत्रेवाल्यांना स्वर्गात जागा नाही." धर्मराज म्हणाला, "जो माझ्या आश्रयाला आला त्याला सोडून मला स्वर्ग नको." इंद्राने बरोब्बर कोंडीत पकडलं. "भावांना सोडलंस, बायकोला सोडलंस, मग कुत्र्याला का नाही?" धर्मराजाचं उत्तर असं की, ती सगळी वारली होती, त्यांना परत जिवंत करणं माझ्या हातात नव्हतं. जिवंत असताना मी कुणालाही सोडलं नाही. मग तो कुत्रा साक्षात धर्म म्हणून प्रकट झाला, हे आपण जाणताच.

पण भागवताच्याच पाचव्या स्कंधात याच्या अगदी उलटी कथा आहे. भरत राजाची. हाही सगळं सोडून वनात गेलेला, मोठा भगवद्भक्त. नदीकाठी जप करत असताना सिंहाच्या गर्जनेनं घाबरलेली एक गाभण हरिणी उडी मारते, पाडस पाण्यात पडतं, हरिणी मरते. भरत त्या पाडसाला उचलून आश्रमात आणतो. त्यात काही वाईट नाही, दयाच आहे. पण हळूहळू जप सुटला, पूजा सुटली, सगळं चित्त पाडसात गेलं. ते दिसेनासं झालं की जीव कासावीस. मरतानाही डोळ्यांपुढे तेच, आणि पुढचा जन्म हरणाचा.

आता सांगा. एकानं जनावराला धरून ठेवलं आणि त्याला धर्म भेटला. दुसऱ्यानं जनावराला धरून ठेवलं आणि त्याचा योग मोडला. दोघंही दयाळू, दोघंही विरक्त. मग फरक कुठे पडला? हा प्रश्न पुस्तकातला नाही, आपल्या सर्वांच्या घरातला आहे. नातवंडांत जीव किती गुंतवायचा? आजारी माणसाची सेवा करताना मोह कुठे सुरू होतो? माया करू नये म्हणावं तर माणूस कोरडा होतो, करावी म्हणावं तर भरताचं हरीण होतं.

या प्रश्नाची थोडीशी उकल मला पुण्याच्या वेताळ टेकडीवर झाली, म्हणून तो प्रसंग सांगतो.

गेल्या वैशाखातली गोष्ट. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक गृहस्थ राहतात, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. वय अठ्ठ्याहत्तर. पत्नी जाऊन काही वर्षं झाली, मुलगी नाशिकला. घरात ते आणि त्यांचा कुत्रा मोत्या. नऊ वर्षांचा, पिवळसर रंगाचा, अंगानं जड लॅब्रेडोर. आप्पांच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. मुलगी आली, पण तिची सगळी धावपळ इस्पितळात. आप्पांनी मला बोलावून घेतलं. मोत्याचा पट्टा माझ्या हातात दिला आणि एक वही दिली. त्यात त्याचं खाणं, औषधाची वेळ, सगळं नीट लिहिलेलं. शेवटी लिहिलं होतं, "सकाळी टेकडी हवीच, नाहीतर दिवसभर कुढतो." मग म्हणाले, "परत आलो तर घेऊन जाईन. नाही आलो तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही करू दिलं नाही.

मोत्या वर आला तेव्हा आमच्या सौ.नं स्पष्ट सांगितलं, "अहो, घरात दत्ताच्या पादुका आहेत. नित्य पूजा आहे. तो गॅलरीत राहील, देवघराच्या बाजूला यायचा नाही." तिचंही चूक नव्हतं, सासूबाईंच्या हाताखाली ती सोवळं शिकलेली. मोत्या गॅलरीतच राहिला. संध्याकाळी आरतीला घंटा वाजली की उंबऱ्याच्या अलीकडे पुढचे पाय टेकून बसायचा, आरती संपेपर्यंत हलायचा नाही. तिसऱ्या दिवशी मी पाहिलं तर नैवेद्याच्या ताटाशेजारी तिनं एक पोळी वेगळी काढून ठेवलेली होती. मी काही विचारलं नाही.

रोज पहाटे आम्ही कांचन गल्लीच्या बाजूनं टेकडी चढायचो. वर वेताळबाबाचं देऊळ आहे. वैशाखात टेकडीवरचं गवत वाळून पिवळं पडलेलं असतं, मधेच एखाद्या बहाव्याला झुंबरं लटकलेली असतात, आणि उजाडताना मोर ओरडतात. मोत्या पट्टा ताणेपर्यंत पुढे जायचा आणि मग थांबून मागे वळून बघायचा. मी दमलेलो दिसलो की तिथेच बसायचा. माझी पावलं पुन्हा सुरू झाली की उठायचा. पुढे जायचं, पण मागच्याला सोडून नाही. सद्गुरूंचं चालणं याहून वेगळं काय असतं?

एका सकाळी देवळाकडून परतताना वाटेत एक वयस्कर गृहस्थ चक्कर येऊन खडकावर बसलेले दिसले. ओळख नव्हती. त्यांना सावलीत नेलं, पाणी दिलं, त्यांच्या मुलाला फोन लावला. मुलगा लांबून यायचा होता. त्यांना एकटं टाकून जाणं शक्यच नव्हतं. मुलगा येऊन त्यांना घेऊन जाईपर्यंत नऊ वाजून गेले. आम्ही उतरायला लागलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं.

उघड्या खडकाच्या टप्प्यावर मोत्याची पावलं आखूड झाली. मग तो बसला. जीभ पूर्ण बाहेर, लाळ घट्ट झालेली, छाती भात्यासारखी हलत होती. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांना येईल तेवढाच थोडा. अंगातली उष्णता त्याला मुख्यतः धापा टाकूनच बाहेर टाकावी लागते, आणि हवाच तापलेली असली की तेही पुरत नाही. अशानं चांगलं धडधाकट जनावर दगावतं. मी खडकावर तळहात ठेवून पाहिला, ठेववेना. बाटलीत जेमतेम अर्धं पाणी राहिलेलं. तीसेक किलोचं जनावर या वयात मला उचलणं शक्य नाही.

त्या क्षणी डोळ्यांपुढे आले ते इस्पितळातले आप्पा. दोन दिवसांपूर्वीच त्यांची शस्त्रक्रिया झालेली. मुलीच्या फोनवरून पहिला प्रश्न त्यांनी विचारला होता, "मोत्या जेवला का?" आज त्यांना काय सांगायचं?

वाट सोडून दहा-बारा पावलांवर एका झाडाखाली माती होती. तिथपर्यंत त्याला गोंजारत, ओढत नेलं. ओंजळीतून घोट घोट पाणी पाजलं, एकदम नाही. खांद्यावरचा पंचा उरलेल्या पाण्यात भिजवून पोट, कान, पंजे पुसत राहिलो. तेवढ्यात कॉलेजातल्या दोन मुली वरून उतरत होत्या. त्यांनी विचारलंही नाही, आपल्या दोन्ही बाटल्या काढून दिल्या आणि वहीच्या पुठ्ठ्यानं त्याला वारा घालत बसल्या. मी नामस्मरण करत होतो. अर्ध्या तासानं त्याच्या धापा मंदावल्या. त्यानं डोकं उचललं आणि माझ्याकडे बघितलं. मग सावलीसावलीनं, झाडीतल्या मातीच्या पायवाटेनं, थांबत थांबत खाली आलो. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि काळजी नाही म्हणून सांगितलं.

त्या झाडाखाली बसलेलो असताना एक विचार मनात पक्का झाला. माझं सगळं लक्ष त्या जनावराच्या एकेका श्वासावर होतं, आणि ते तसं होतं याचं कारण मोत्या माझा नव्हता. तो मला सांभाळायला दिलेला होता.

आपल्याला वाटतं, "माझं" म्हटलं की काळजी वाढते. पण अनुभव बघा. मी अनेक वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच कॅशच्या खिडकीशी. लोकांच्या पैशातली एकेक नोट दोनदा मोजली. दिवसअखेरीला एक रुपयाचा फरक आला तर तो सापडेपर्यंत कुणी घरी जात नसे. पण त्याच वेळी स्वतःच्या खिशात किती आहेत हे कुणा कॅशियरला विचारलं तर सांगता यायचं नाही. स्वतःच्या वस्तूच्या बाबतीत माणूस सूट घेतो. माझंच शरीर आहे, एक दिवस औषध चुकलं तर काय बिघडतं? माझीच बायको आहे, बोललो दोन शब्द. माझीच मुलं आहेत. दुसऱ्याची ठेव असली की ही सूट राहत नाही, कारण कुणीतरी येऊन परत मागणार असतं.

वाणिज्य शाखेला होतो तेव्हा भारतीय करार कायदा, १८७२, आम्हाला अभ्यासाला होता. त्यात निक्षेपाचं, म्हणजे सांभाळायला दिलेल्या वस्तूचं एक प्रकरण आहे. कलम १५१ सांगतं की, दुसऱ्याची वस्तू सांभाळताना सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी घेतली पाहिजे. आणि कलम १६३ त्याहून पुढे जातं. ठेवीत काही वाढ झाली, तर ती वाढही मालकाला परत द्यायची. त्याखाली कायद्यानं दिलेलं उदाहरण मला आजही लख्ख आठवतं. एकानं दुसऱ्याकडे गाय सांभाळायला ठेवली, तिथं तिला वासरू झालं, तर गायीबरोबर वासरूही परत करायचं. परीक्षेत हे उत्तर लिहिताना दोन-चार गुण मिळाले असतील. त्याचा अर्थ कळायला दत्तमहाराजांच्या पाठीमागची गाय नीट बघावी लागली.

आपल्या दैवताचं नावच काय आहे ते आठवा. "दत्त" म्हणजे "दिलेला". अत्रिऋषींनी पुत्र मागितला आणि भगवंतानं स्वतःलाच दिलं, म्हणून दत्त. अत्रींचा, म्हणून आत्रेय. अत्रिअनसूयेनं त्याला कमावला नाही, तो त्यांना मिळाला. रोज आपण ज्याचं नाव घेतो त्या नावातच सगळं सांगितलेलं आहे की, तुझ्याजवळ जे आहे ते दिलेलं आहे. पृथ्वी दिलेली, देह दिलेला, माणसं दिलेली. आणि त्यांच्या सहवासात जी वाढ झाली, जे प्रेम उपजलं, जे पुण्य जोडलं गेलं, तेही वासरासारखं त्याच्याच चरणी परत करायचं. कर्मफळ ईश्वरार्पण करणं म्हणजे हेच.

आता भरत आणि धर्मराज यांच्याकडे पुन्हा बघा. पाडस उचललं तेव्हा भरत सांभाळणारा होता. पुढे तो मालक झाला. परत द्यायची आठवण जिथे पुसली, तिथून घसरण सुरू झाली. धर्मराजानं "हा माझा" असं एकदाही म्हटलं नाही. "हा माझ्या आश्रयाला आला आहे," एवढंच त्याचं म्हणणं. म्हणून त्याला कुत्र्यासाठी स्वर्ग सोडता येत होता, आणि म्हणूनच कुत्र्यात अडकून पडायची वेळही आली नाही. जीव लावण्यात दोष नाही, मालकी लावण्यात आहे. माया कमी करायची नाही, खातं कुणाच्या नावावर आहे तेवढं विसरायचं नाही.

याची परीक्षा पुढे झालीच. वीसेक दिवसांनी आप्पा बरे होऊन घरी आले. पण एकटं राहणं आता शक्य नव्हतं, म्हणून मुलीनं त्यांना नाशिकला न्यायचं ठरवलं. मोत्याही अर्थात त्यांच्याबरोबर. गाडीचं दार उघडताच त्यानं आत उडी मारली आणि आप्पांच्या मांडीवर डोकं ठेवलं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली. सौ. गॅलरीत उभी होती, पदरानं डोळे पुसत. म्हणाली, "एकदासुद्धा मागे वळून बघितलं नाही हो त्यानं." मी म्हटलं, "अगं, त्याचा धनी भेटला त्याला." आपल्या यादीतला कपोत पक्षी आठवला. पिलं जाळ्यात सापडली म्हणून शोकानं तोही जाळ्यात शिरला. शोक आम्हालाही झाला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी नैवेद्य झाल्यावर सौ.नं नेहमीप्रमाणे एक पोळी वेगळी काढली, आणि खाली जाऊन गल्लीतल्या कुत्र्याला घातली. गाय परत गेली होती. वासरूही तिनं मालकाला परत केलं. ती आजतागायत रोज हे करते, आणि मला वाटतं, माझ्या एवढ्या चिंतनापेक्षा तिची ती पोळी महाराजांकडे लवकर पोचत असेल.

मग सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर काय? चोवीस गुरूंच्या यादीत कुत्रा का नाही, हे सांगायचा माझा अधिकार नाही. पण मला असं वाटतं की, ते चोवीस गुरू अवधूतांनी बघितले. कुत्र्याला त्यांनी जवळ घेतलं. दत्तमहाराज कोल्हापूरला भिक्षा मागतात, माहूरच्या डोंगरावर निद्रा घेतात अशी आपली श्रद्धा आहे. दारोदार तुकड्यासाठी फिरणारा, कुठे घर नसलेला, आणि तरी ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या दाराशी रात्रभर जागणारा, असा प्राणी कुत्राच. वेदांनी जर त्याचं रूप घेतलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच की, ज्ञानानं शेवटी मालकी सोडून चरणापाशी बसायचं असतं.

तेव्हा या दत्तजयंतीला आपण एवढं करूया. पंचबलीत गायीचा, कावळ्याचा तसा कुत्र्याचाही वाटा आपल्या शास्त्रानं सांगितलेला आहेच. नैवेद्यानंतर तो आठवणीनं काढूया. उत्सवाच्या गर्दीत देवळाच्या पायरीशी कुत्रा आला तर त्याच्यावर काठी उगारू नये. उन्हाळ्यात दारापुढे सावलीत पसरट भांड्यात पाणी ठेवावं आणि ते रोज बदलावं. घरी कुत्रा असेल तर त्याला उन्हाच्या आत फिरवून आणावं, आणि जमिनीवर आपला तळहात टिकत नसेल तर त्याला त्यावरून चालवू नये. आणि रात्री झोपण्यापूर्वी, दिवसभराचा हिशोब मिटवताना, आपल्या एकेका माणसाचं नाव घेऊन मनाशी म्हणावं, "महाराज, ही तुमची ठेव. आज माझ्याकडून जेवढी सांभाळता आली तेवढी सांभाळली. उद्या सांभाळायला दिलीत तर उद्याही सांभाळेन."

नृसिंहवाडीला, औदुंबरला, गाणगापूरला आपण पादुकांवर डोकं ठेवतो. ज्या चरणांच्या त्या पादुका, त्या चरणांपाशी चौघं आधीच बसलेले आहेत. त्यांच्या शेजारी आपल्यालाही थोडी जागा मिळावी, एवढीच प्रार्थना.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥